छिन्नी बाजूला ठेवा, व्हर्नियर काढा

जुन्या गाड्यांच्या प्रश्नोत्तरांत या खेपेला अ‍ॅक्सलच्या नटांचीच गर्दी झाली आहे. कार्ब्युरेटर आणि वायरिंगवाल्यांनी थोडा धीर धरावा.

प्रश्न : आजोबांनी घेतलेली महिंद्राची जुनी सीजे-3बी जीप शेतावरच्या शेडमध्ये बरीच वर्षं उभी होती. मागच्या ब्रेकचे लायनर ऑइलने भिजलेत, म्हणून ड्रम काढायला घेतला. डाव्या चाकाचे नट सोडतानाच दोन स्टड तुटले. चाकाच्या मधोमध असलेला अ‍ॅक्सलचा मोठा नट तर जागचा हलत नाही. गावातले मिस्त्री म्हणतात, छिन्नी-हातोडा लावू, पाच मिनिटांत सुटेल. नेमकं कोणतं हत्यार आणावं? – एक वाचक, ता. कागल, जि. कोल्हापूर

उत्तर : मिस्त्रींना चहा पाजा आणि तेवढ्या वेळात छिन्नी लपवून ठेवा. तुटलेल्या दोन स्टडचा दोष गंजावर ढकलू नका. डाव्या चाकाचे नट तुम्ही बहुधा सोडत नव्हता, आवळत होता.

विलिज घराण्यातल्या जुन्या जीपच्या डाव्या चाकांच्या स्टडना उलटे आटे असतात. उजवीकडचे नट नेहमीसारखे घड्याळाच्या उलट दिशेने सुटतात, डावीकडचे घड्याळाच्या दिशेने. गाडी पुढे धावताना चाकाच्या फिरण्याने नट सैल पडू नये, झालाच तर आवळला जावा, असा त्यामागे विचार होता. अमेरिकेत क्रायस्लरनेही ही पद्धत बरीच वर्षं सांभाळली. निमुळत्या बैठकीचा नट नीट आवळला तर दोन्ही बाजूंना सरळ आटे चालतात हे हळूहळू सर्वांना पटलं आणि उलटे आटे मागे पडले. पण तुमची जीप त्या आधीची आहे.

स्टडचं टोक वायर ब्रशने घासून पाहा, इंग्रजी ‘एल’ अक्षर कोरलेलं सापडेल. नाही सापडलं तरी गाफील राहू नका. मधल्या काळात कोणीतरी स्टड बदलले असतील, आणि एकाच चाकावर तीन उलटे, दोन सरळ अशी खिचडीही असू शकते. खात्रीचा उपाय म्हणजे आटेच बघणं. स्टड उभा धरला आहे अशी कल्पना करा. समोर दिसणाऱ्या रेषा उजवीकडे वर चढत असतील तर आटे सरळ, डावीकडे चढत असतील तर उलटे. अ‍ॅक्सलच्या नटालाही हीच परीक्षा लावा. नटाबाहेर डोकावणारे दोन-तीन आटे घासून स्वच्छ केले की पुरे. जुन्या गाडीवरचं पहिलं हत्यार म्हणजे वायर ब्रश. बाकी सगळं त्याच्या मागून.

(तारांच्या चाकांची जुनी एमजी किंवा जग्वार ज्यांच्याकडे आहे त्यांनी वरचा नियम लावायला जाऊ नये. तिथे मधोमध एकच मोठा पंखांचा नट असतो आणि उलटे आटे उजव्या बाजूला असतात, म्हणजे जीपच्या बरोबर विरुद्ध. तो पंख सोडताना तांब्याच्या किंवा कच्च्या कातड्याच्या हातोड्याने, चाक पुढे जाताना जसं फिरतं त्या दिशेने ठोकायचा. लोखंडी हातोडा मारून पंखांची फुलकोबी केलेल्या गाड्या प्रदर्शनांतही दिसतात.)

आता माप. तुमची जीप इंचातली आहे. तुमच्या घरातला पान्यांचा सेट बहुधा मिलिमीटरचा असेल आणि इथेच निम्मे नट गोल होतात. हार्डवेअरच्या दुकानातल्या भाषेत सांगायचं तर एका इंचाचे आठ सूत. सहा सुती पाना म्हणजे 19.05 मिलिमीटर, त्यामुळे 19 नंबरचा पाना त्या नटावर जवळपास चपखल बसतो आणि लोकांना वाटतं की सगळंच असं जुळत असेल. तसं नाही. साडेचार सुती नट 14.29 मिलिमीटरचा, त्यावर 14 जात नाही आणि 15 सैल पडतो. दहा सुती नट 31.75 मिलिमीटरचा, त्यावर 32 चालून जातो. साडेआठ सुती 26.99 मिलिमीटर, म्हणजे 27 ची गोटी बिनधास्त लावा. अंदाजाने गोटी विकत घेऊ नका. व्हर्नियर घ्या आणि नटाच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधलं अंतर तिन्ही जोड्यांवर मोजा. एखादी बाजू आधीच छिन्नीने मार खाल्लेली असेल तर तिन्ही मापं वेगळी येतील. त्यातलं सर्वांत मोठं माप खरं, कारण तिथलं लोखंड अजून शाबूत आहे.

गोटी सहा कोनांचीच घ्या. बारा कोनांची गोटी नटाला फक्त कोपऱ्यांच्या जवळ पकडते. सहा कोनांची सपाट बाजूवर टेकते, आणि जोर वाढतो तेव्हा फरक तिथेच कळतो. गोटीचं तोंड आतून फार तिरपं घासलेलं नसावं. अ‍ॅक्सलचा नट जाडीला कमी असला तर त्या तिरप्या भागामुळे गोटीची पकड निम्मीच राहते. चौकोनी भोक पाऊण इंचाचं घ्या. अर्ध्या इंचाचा दांडा या कामात वाकतो, नाहीतर तुटतो, आणि तुटतो तेव्हा तुमची बोटं ड्रमवर आपटतात. पाऊण इंचाच्या दांड्यावर कन्व्हर्टर लावून अर्ध्या इंचाची गोटी वापरण्याची युक्ती मनातून काढून टाका. साखळी तिच्या सर्वांत कच्च्या कडीवर तुटणारच. रॅचेटही नको. तिचे दात वेगाने फिरवण्यासाठी असतात, जाम नट फोडण्यासाठी नाही. साधा, बिनदात्यांचा लांब दांडा आणा.

मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर अशी हत्यारं सुटी मिळतात. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी कधी कधी जुन्या, भरीव, इंचाच्या गोट्या नव्यांहून बऱ्या मिळतात. तिथे घासाघीस करण्याआधी गोटीच्या तोंडाला केसासारखी चीर नाही ना, एवढं उन्हात धरून बघा.

नट फिरवण्याआधी त्याची स्प्लिट पिन काढा. हास्यास्पद वाटेल, पण पिन आत असतानाच दोन माणसं दांड्यावर लोंबकळताहेत हे दृश्य नवीन नाही. पिन गंजून तुटली असेल तर तिचे तुकडे बारीक पंचने आरपार ठोकून बाहेर घालवा. अर्धी पिन भोकात राहिली तर नट फिरताना ती आट्यांत चिरडते आणि शाफ्टचे आटे सोबत घेऊन जाते.

यानंतरचा प्रश्न गाडी धरून ठेवण्याचा. या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागे, प्रॉपेलर शाफ्टवर असतो. त्यामुळे एक मागचं चाक जॅकवर उचललं की हँडब्रेक कितीही ओढा, ते चाक फिरणारच. डिफरन्शियल एक चाक उलटं, दुसरं सुलटं फिरू देतो. दोन्ही चाकं जमिनीवर ठेवून फक्त हँडब्रेकवर भिस्त ठेवली तर सगळा जोर डिफरन्शियलच्या दातांवर येतो, आणि साठ वर्षांच्या दातांची परीक्षा घेऊ नये. चाक जमिनीवर, पुढच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी गुटके, आणि घरातलं कोणीतरी पायाच्या ब्रेकवर, ही व्यवस्था चांगली. तुमचे लायनर मात्र ऑइलने भिजलेले आहेत. त्यांची पकड धरून चालू नका.

म्हणून एक पट्टी बनवून घ्या. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडे जाड लोखंडी पट्टी किंवा अँगल, चारेक फूट लांब. जीपचे पाच स्टड साडेपाच इंच व्यासाच्या वर्तुळावर असतात, म्हणजे शेजारच्या दोन स्टडमधलं सरळ अंतर 82 मिलिमीटर. तेवढ्या अंतरावर दोन भोकं पाडा. चाक काढा, ड्रमच्या दोन शेजारच्या स्टडवर पट्टी चाकाच्या नटांनी बांधा आणि तिचं लांब टोक तुमच्या डाव्या हाताला जमिनीवर टेकवा. सरळ आट्यांचा नट घड्याळाच्या उलट फिरवताना ड्रमही तिकडेच फिरू पाहील, पण पट्टी जमिनीवर दाबली जाऊन त्याला अडवेल. तुमच्या तुटलेल्या स्टडमुळे नेमकी हीच जोडी अडचणीत आली असेल तर आधी स्टड बदलून घ्यावे लागतील. अर्थात गाडी जॅकवर ठेवून हे काम करू नका. अ‍ॅक्सलखाली भक्कम स्टँड हवेत, विटांच्या चळती नव्हेत.

गंज सोडवणारं तेल आदल्या संध्याकाळी घाला, सकाळी पुन्हा घाला. डिझेल किंवा केरोसीन ओतण्याची पद्धत सर्रास आहे, पण ती झिरपण्यात कमी पडते. तेलाचं खरं काम वेळ करतो. तेल घातलं आणि लगेच दांडा उचलला तर ते फक्त हात मळवतं. नटाच्या सपाट बाजूंवर हलक्या हातोडीने टकटक करा, नटाच्या टोकावर मात्र मारू नका. तेवढ्यावर भागलं नाही तर गॅसच्या ज्योतीने नट गरम करता येतो. नट फुगतो, शाफ्ट मागे राहतो, आणि आट्यांमधली गंजाची पकड सुटते. ज्योत नटावरच रोखा, झटपट गरम करा आणि तेलाने माखलेला ड्रम जवळ आहे हे विसरू नका. आग विझवायचं साधन हाताशी असावं. ज्योत लावून शाफ्ट लालबुंद करणाऱ्याने गाडी विकून टाकावी.

समजा नट सुटला. आता ड्रम हाताने ओढून बघाल आणि तो ढिम्म हलणार नाही. नटाच्या मागे काय आहे, हा प्रश्न हत्यारं घ्यायच्या आधीच विचारायला हवा होता. या जीपच्या मागच्या शाफ्टचं टोक निमुळतं आहे. हब त्या निमुळत्या टोकावर चावीसह ठासून बसवलेला असतो, आणि ड्रम हबलाच जोडलेला. म्हणजे ब्रेकचे लायनर बघायचे तरी हब उपसावाच लागतो. जीपवाल्यांनी या रचनेला दिलेल्या शिव्या इथे छापता येणार नाहीत.

तीन पायांचा बाजारू पुलर ड्रमच्या कडेला अडकवू नका. कड वाकते किंवा तडकते, आणि जो ड्रम वाचवायला निघालो होतो तोच गमावतो. पुलर असा हवा की तो चाकाच्या स्टडवर बसेल, मधला जाड स्क्रू शाफ्टच्या टोकाला टेकेल आणि त्या स्क्रूच्या डोक्याला हातोड्याने ठोकता येईल असे आडवे पंख असतील. सर्व स्टडवर सारखा ताण येईल असा तो बसवा. आणि ही गोष्ट चौकटीत छापावी अशी आहे: अ‍ॅक्सलचा नट पूर्ण काढू नका. तो शाफ्टच्या टोकाशी समतल होईपर्यंत सैल करून तसाच ठेवा. निमुळत्या टोकावरून हब सुटतो तेव्हा हळूच सरकत नाही. बंदुकीसारखा आवाज करून एकदम उडतो, आणि नट तिथे असला की हब अर्ध्या इंचात थांबतो. नसला तर तुमच्या गुडघ्यांवर. नटामुळे शाफ्टचे आटेही पसरत नाहीत.

पुलर ताणून ठोका, पुन्हा ताणा, पुन्हा ठोका. तरी सुटला नाही तर ताण तसाच ठेवून रात्रभर सोडा. कोणी शेडमध्ये जाणार नाही याची काळजी घ्या, कारण हब मध्यरात्रीही सुटू शकतो. शाफ्टच्या टोकावर थेट घण घालू नका. तो धक्का आतल्या बेअरिंगना जाऊन लागतो.

छिन्नीविषयी आता एकदाच आणि शेवटचं. छिन्नी नटाच्या एका कोपऱ्यावर बसते, कोपरा खणते, आणि नट अर्धा मिलिमीटर फिरला तर फिरतो. दुसऱ्या घावाला खाच आणखी खोल, चौथ्या घावाला कोपराच शिल्लक नाही. यातून नट सुटलाही तरी त्याला परत किती आवळलं हे कळायला मार्ग नाही, आणि निमुळत्या शाफ्टवरचा हब सैल राहिला की चावी चिरडते, मग शाफ्टची खाचही. नट खरोखरच गोल झाला असेल तर त्याला एका बाजूने काळजीपूर्वक करवतीने किंवा ग्राइंडरने कापा, आटे वाचवा, मग तिथे छिन्नीचा एक घाव देऊन तो फोडा. तेवढ्यापुरती छिन्नी माफ.

पुढच्या चाकांकडे गेलात तर तिथे वेगळंच प्रकरण आहे. आधी सहा बोल्ट काढून ड्राइव्ह फ्लँज बाहेर घ्या. आत बेअरिंग धरणारे दोन पातळ नट, मधे वाकवलेली लॉक वॉशर. त्या नटाचं माप दोन आणि एक-सोळांश इंच, म्हणजे 52.4 मिलिमीटर, आणि सभोवती जागा इतकी कमी की साधी जाड गोटी आत शिरत नाही. त्यासाठी पातळ पत्र्याचा खोल पाना वेगळा मिळतो. स्वस्त असतो, आणि पुढच्या हबवर छिन्नी न चालवण्याचं ते एकमेव सभ्य कारण आहे. इथले नट मागच्यासारखे ठासून आवळायचे नसतात. आतला नट बेअरिंग किंचित अडेपर्यंत आवळून थोडा परत सोडायचा, मग वॉशर, मग बाहेरचा नट.

आणि लायनर बदलण्याआधी एवढं बघा की ऑइल आलं कुठून. मागच्या अ‍ॅक्सलच्या नळीवरचा बारीक ब्रीदर चिखलाने बुजला की आतली गरम हवा ऑइलला सीलमधून बाहेर ढकलते. सील नवीन बसवूनही गळती थांबली नाही, असं म्हणणाऱ्यांपैकी अनेकांनी ब्रीदर उघडून पाहिलेला नसतो.

प्रश्न : आम्ही दोघांनी मिळून 1960 च्या दशकातली फोक्सवॅगन बीटल घेतली. मागच्या अ‍ॅक्सलच्या नटासाठी पुस्तकात 30 किलोग्रॅम-मीटर असं लिहिलंय. घरात कोणालाच हा आकडा झेपत नाही. नवऱ्याचं म्हणणं की जोर लावू, सुटेल. – एक वाचक, पुणे

उत्तर : आकडा मोठा आहे, समजायला सोपा. नटापासून एक मीटर अंतरावर दांड्याच्या टोकाला तीस किलोचं वजन टांगलं तर जेवढा पीळ बसेल, तेवढा. आता तुमच्या नवऱ्याचं वजन साठ किलो धरू. गाडीसोबत मिळणारा चाकाचा पाना चाळीस सेंटिमीटरचा असला तर त्याच्या टोकावर उभं राहूनही चोवीस होतात. म्हणजे तो नट आवळलाही गेला नसता, मग सुटणार कुठून? मीटरभराचा दांडा असला तर तेच साठ किलो साठ होतात, आणि गंजलेल्या नटासाठी एवढं हाताशी असलेलं बरं. म्हणून लांब दांडा, किंवा दांड्यावर चढवलेला मजबूत पाइप. त्यावर उड्या मारायच्या नाहीत. वजन सावकाश द्यायचं, एक पाय जमिनीवर ठेवून.

बीटलची एक मोठी सोय अशी की मागचा हबकॅप काढला की चाकाच्या मधून नट समोरच दिसतो. 36 मिलिमीटर, मुकुटासारख्या खाचांचा, स्प्लिट पिन आडवी. 36 ची सहा कोनी, पाऊण इंच चौकोनाची गोटी घ्या. अमेरिकी सेटमधली त्याच्या आसपासची इंचाची गोटी 36.5 मिलिमीटरची असते, ती कितीही बरोबर वाटली तरी परत ठेवा. तुमची बीटल आहे, व्हॅन नाही, हेही बरंच झालं. त्या घराण्यातल्या नंतरच्या व्हॅनना हाच नट 46 मिलिमीटरचा आहे आणि एकाचं हत्यार दुसऱ्याला चालत नाही.

चाक जमिनीवर असतानाच नट सोडायचा आणि परत आवळायचाही तसाच. गिअरमध्ये टाकून धरायचं नाही, एकाने ब्रेक दाबून ठेवायचा. गाडी जॅकवर असताना एवढा पीळ दिला तर ती जॅकवरून घसरते, आणि ही गंमत नाही.

ज्यांना लांब दांड्याची भीती वाटते, किंवा ज्यांचं गॅरेज एवढं अरुंद आहे की दांडा भिंतीला लागतो, त्यांच्यासाठी बीटलवाल्यांच्या जगात एक खास हत्यार प्रसिद्ध आहे: गिअर असलेला टॉर्क मल्टिप्लायर. त्याचा एक पाय ड्रमवर अडकतो आणि आत गिअर असल्याने तुम्ही दिलेला पीळ नऊपट होऊन नटावर पोचतो. तीस हवेत तर तुम्ही साडेतीनहूनही कमी द्यायचे, तेही छोट्या रॅचेटने. पुण्यात तो सहज मिळेल असं धरू नका, पण बीटलचा एखादा क्लब असेल तर एकाने घ्यावा आणि बाकीच्यांनी मागून न्यावा असलं हे हत्यार आहे.

एवढा पीळ का? बीटलचा ड्रम निमुळत्या टोकावर नाही, दातेरी शाफ्टवर बसतो. नट कमी आवळला तर ड्रम त्या दात्यांवर किंचित डुगडुगतो. प्रत्येक वेळी क्लच सोडताना, प्रत्येक ब्रेकला. काही काळाने ड्रमच्या आतले दाते घासून गुळगुळीत होतात आणि इंजिन चालू असताना गाडी जागची हलत नाही. म्हणून नट आवळताना पिनचं भोक खाचेसमोर आलं नाही तर नट थोडा सैल करू नका, पुढच्या खाचेपर्यंत आणखी आवळा. पिन दर वेळी नवीन घ्या. काही रुपयांत मिळते आणि तिची बचत हा काटकसरीचा सर्वांत वेडगळ प्रकार आहे.

नट सुटल्यावर ड्रम निघत नसेल तर हँडब्रेक सोडला आहे ना ते बघा. खरंच. मग ब्रेक अ‍ॅडजस्टरचे दाते मागे फिरवा, कारण जुन्या ड्रमच्या आत कडेला झिजीची पाळ तयार होते आणि लायनर तिच्या मागे अडकतात.

पुढे कधी पुढच्या चाकाच्या बेअरिंगला हात लावाल तेव्हा एवढं लक्षात असू द्या: डाव्या पुढच्या चाकाच्या नटाला उलटे आटे आहेत. स्पीडोमीटरची केबलही त्याच स्पिंडलमधून येते आणि तिचं चौकोनी टोक ग्रीसच्या टोपणातून बाहेर डोकावतं. ते टोपण ठोकून काढण्याआधी तिथली छोटी क्लिप काढा, नाहीतर स्पीडोमीटर सुतकात जाईल.

प्रश्न : माझ्या जुन्या बुलेटच्या काही नटांना 13 चा पाना जात नाही आणि 14 चा सैल बसतो. इंचाचा सेट आणला तरी काही जुळेना. बुलेट नक्की कोणत्या मापाची? – एक वाचक, अलिबाग

उत्तर : तुमच्या बुलेटची मुळं इंग्लंडमधल्या रेडिचला आहेत, आणि 1955 पासून मद्रासला ती बनू लागली तेव्हा आटेही तिकडचेच आले. जोसेफ व्हिटवर्थने 1841 मध्ये इंग्लंडच्या नट-बोल्टांना एक शिस्त लावली, पण तिच्यात एक खोच आहे. व्हिटवर्थच्या पान्यावरचा आकडा नटाच्या डोक्याचा नसतो, बोल्टच्या जाडीचा असतो. दोन सुती लिहिलेल्या पान्याचं तोंड प्रत्यक्षात 0.525 इंच, म्हणजे 13.3 मिलिमीटर. तुमचा तेरा जात नाही आणि चौदा सैल, हे कोडं इथेच सुटलं. तीन सुती पाना 0.710 इंच, म्हणजे 18 मिलिमीटरला अगदी टेकतो. चार सुती 23.4 मिलिमीटर, त्यावर 24 नंबर कोपरे खातो. बारीक आट्यांच्या बोल्टना डोकं एक माप लहान असतं, म्हणून तिथे आकड्यावर अजिबात जाऊ नका.

तुम्हाला व्हिटवर्थचा छोटा सेट घ्यावाच लागेल. पूर्ण सेट नको. व्हर्नियरने आधी मोजा, लागतात ते चार-पाच पाने घ्या, आणि प्रत्येकावर रंगाने खूण करून ठेवा. एकाच पेटीत इंच, मिलिमीटर आणि व्हिटवर्थ मिसळले की संध्याकाळच्या उजेडात हात हमखास चुकीच्या पान्यावर जातो. अ‍ॅडजस्टेबल पाना मागच्या अ‍ॅक्सलच्या नटावर चालवू नका. तो खिळखिळा होतो त्या क्षणी नटही गोल होतो.

प्रश्न : एवढा खटाटोप कशाला? पंक्चरवाल्याकडच्या हवेच्या गनने नट क्षणात सुटतो की. – एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : सुटतो. सोडण्यासाठी गन वापरायला माझा विरोध नाही, उलट जाम नटावर तिचे छोटे झटके लांब दांड्यापेक्षा पुष्कळदा चांगलं काम करतात. अट एवढीच की गोटी काळ्या, जाड, गनसाठीच बनवलेल्या जातीची हवी. चकचकीत क्रोमची गोटी गनवर फुटते आणि तिचे कपचे डोळ्यांच्या दिशेने येतात. चष्मा लावा. आट्यांची दिशा मात्र आधी तुम्ही बघा आणि पंक्चरवाल्याला सांगा. डाव्या चाकावर उलटी गन चालवली की स्टड एका सेकंदात तुटतो, आणि कागलच्या वाचकांना विचारा, तो बदलायला किती वेळ लागतो.

आवळताना गन नको. तिने किती आवळलं हे तुम्हालाही कळत नाही आणि पंक्चरवाल्यालाही. नट बोटाने बसवा, दोन-तीन फेरे हाताने फिरताहेत याची खात्री करा, मग टॉर्कचा पाना. टॉर्कचा पाना विकत घेण्याइतकं काम नसेल तर ओळखीच्या गॅरेजमधून तासाभरासाठी आणा. परत देताना त्याचा स्प्रिंगचा ताण सर्वांत कमी आकड्यावर आणून द्या, म्हणजे पुढच्या वेळीही मिळेल.